बॅकहो, पोकलेन, हायड्रा: ऑपरेटरला परवाना कोठे लागतो आणि कोठे लागत नाही

माणदेशी (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीला मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून एक जुना बॅकहो लोडर विकत घेतला. आमच्या भागात तो कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला जेसीबीच म्हणतात, तेव्हा पुढे मीही तसेच लिहीन. शेततळी, बांधबंदिस्ती, विहिरीवरचा मुरूम, घरांचे पाये अशी कामे आम्ही तासाच्या दराने घेतो. आमचा ऑपरेटर हेल्परकीपासून वर आलेला, चौदा वर्षांच्या अनुभवाचा आहे आणि जमिनीखालची पाइपलाइन न दुखावता तिच्या शेजारून चारी काढण्याइतका त्याचा हात बसलेला आहे. त्याच्याजवळ परवाना मात्र मोटारीचा, म्हणजे हलक्या वाहनाचा आहे. मागच्या आठवड्यात एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना त्याला रस्त्यात अडवण्यात आले आणि या यंत्राला हा परवाना चालत नाही, अशी समज देऊन सोडण्यात आले.

त्यानंतर चार जाणत्यांना विचारले, तर उत्तरे तीन मिळाली. एक म्हणतो, यंत्र शेतात चालते, त्याला परवान्याची गरजच नाही. दुसरा म्हणतो, ट्रकसारखा अवजड वाहनाचा परवाना हवा. तिसऱ्याच्या मते सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या निकालामुळे मोटारीचा परवाना आता सगळ्याला चालतो. या विषयाची माहिती असणाऱ्यांनी कृपया कारणांसहित लिहावे. दंडाची रक्कम हा आमचा मुख्य प्रश्न नाही. उद्या काही विपरीत घडले तर आमच्या दोघांच्या जमिनीवर बोजा चढू नये, ही खरी काळजी आहे.

नियमवाचक

आपल्या तिन्ही सल्लागारांनी कायद्याचा एकेक तुकडा ऐकलेला आहे, पण तो कोठला तुकडा आहे हे कोणी पाहिलेले नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ प्रमाणे कोणालाही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचे असेल तर त्या वाहनासाठी वैध असलेला परवाना जवळ हवा. या वाक्यात दोन अटी आहेत: ते यंत्र ‘मोटार वाहन’ असले पाहिजे आणि ते ‘सार्वजनिक ठिकाणी’ चालवले जात असले पाहिजे. सूट सांगणारे लोक या दोन अटींची सरमिसळ करतात आणि सगळा घोटाळा तेथून सुरू होतो.

पहिली अट घेऊ. कलम २(२८) मधील व्याख्येतून रुळांवर चालणारे वाहन वगळले आहे आणि केवळ कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहनही वगळले आहे. येथे ‘बनवलेले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण आज ते कोठे वापरता यापेक्षा ते यंत्र मुळात कशासाठी घडवले आहे, हे पाहिले जाते. टायरवर चालणारा, दिवे, इंडिकेटर आणि नंबरपाटी असलेला बॅकहो वर्षभर एकाच शेतात उभा राहिला तरी तो मोटार वाहनच राहतो. बोस अब्राहम विरुद्ध केरळ राज्य या २००१ च्या प्रकरणात एक्सकॅव्हेटर आणि रोड रोलर ही मोटार वाहने नाहीत, असा युक्तिवाद मालकांनी केला होता. तो मुद्दा वाहनकराच्या अंगाने पुढे आला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने ही यंत्रे मोटार वाहनेच ठरवली.

दुसरी अट जागेची आहे. कलम २(३४) प्रमाणे ज्या ठिकाणी लोकांना जाण्याचा हक्क आहे ते सार्वजनिक ठिकाण होय, मग ती वहिवाटीची वाट असो वा नसो. खाजगी शेतातील शेततळ्याचे काम या व्याख्येत सहसा बसत नाही. म्हणजे आपला पहिला सल्लागार शेताच्या बांधापर्यंत बरोबर आहे. परंतु यंत्र त्या शेतात पोहोचते कसे? गावच्या रस्त्याने, तालुक्याच्या रस्त्याने, कधी राज्य महामार्गाचा तुकडा ओलांडून. आपल्यासारख्या फिरत्या धंद्यात ही सूट दिवसातून चार वेळा संपते.

आता दुसऱ्या सल्लागाराकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये २००० साली ‘बांधकाम उपकरण वाहन’ अशी स्वतंत्र व्याख्या घालण्यात आली. रबरी टायर, रबरी पॅड किंवा पोलादी ड्रमवर चालणारे स्वयंचलित एक्सकॅव्हेटर, लोडर, बॅकहो, रोलर, डंपर, मोटर ग्रेडर, फिरती क्रेन, डोझर, फोर्कलिफ्ट यांचा तीत समावेश आहे. त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की हे बिगर-परिवहन वाहन असून त्याचे रस्त्यावरील चालणे मुख्य कामाला आनुषंगिक, थोड्या वेळापुरते आणि ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक नसलेल्या वेगाचे असते. म्हणजे ट्रक-टिपरला लागतो तो परिवहन वाहनाचा परवाना, त्यासाठी वीस वर्षे वयाची आणि एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना बाळगलेला असण्याची अट, हे सारे जेसीबीच्या ऑपरेटरला लागू होत नाही. त्याला अठरा वर्षे पूर्ण हवीत आणि परवान्यावर त्या यंत्राचा वर्ग हवा. कलम १० मध्ये परवान्यांचे वर्ग दिले आहेत. त्यांत रोड रोलर हा वेगळा वर्ग आहे आणि शेवटी ‘विनिर्दिष्ट वर्णनाचे मोटार वाहन’ असा एक वर्ग आहे. आरटीओच्या ऑनलाइन अर्जात लोडर-एक्सकॅव्हेटर, क्रेन, फोर्कलिफ्ट, बोअरिंग रिग अशी जी नावे दिसतात ती या शेवटच्या वर्गाची अपत्ये आहेत.

तिसऱ्या सल्लागाराबद्दल नंतर लिहितो, कारण त्याचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे.

लिव्हरवाला

मी सव्वीस वर्षे यंत्रावर आहे. त्यातील पहिली अकरा वर्षे परवाना नव्हता, हे येथे कबूल करतो. वरील कायद्याच्या विवेचनात एक व्यवहारातील फरक जोडावासा वाटतो.

चेनची पोकलेन आणि टायरचा जेसीबी यांना एकाच मापाने मोजू नये. वरच्या व्याख्येत टायर, रबरी पॅड आणि ड्रम आहेत, लोखंडी चेन नाही. म्हणून चेनच्या पोकलेनला नंबरपाटी नसते आणि ती रस्त्यावरून स्वतःच्या बळावर न्यायचीही नसते, कारण डांबराची चाळण होते. ती लो-बेड ट्रेलरवर चढवून न्यावी लागते. त्यामुळे पोकलेनच्या ऑपरेटरकडे आरटीओचा परवाना नसला तरी त्याला रस्त्यावर कोणी अडवत नाही. अडवतात ते ट्रेलरच्या ड्रायव्हरला आणि त्याच्याकडे मात्र परिवहन वाहनाचाच परवाना लागतो. नवीन मुले पोकलेनवर शिकतात, परवान्याची कधी गरज पडत नाही, आणि पुढे जेसीबीवर आली की तीच सवय घेऊन रस्त्यावर उतरतात.

असाच गोंधळ डंपर या शब्दाचा आहे. आमच्याकडे हायवाला लोक डंपर म्हणतात. हायवा हा रस्त्यावर माल वाहणारा टिपर आहे आणि त्याला परिवहन परवाना हवा. नियमातील डंपर म्हणजे खाणीत किंवा धरणाच्या कामावर चालणारे धूड. सिमेंट काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर परिवहनात जातो, पण स्वतः खडी भरून घेणारा सेल्फ-लोडिंग मिक्सर बांधकाम उपकरणात जातो. दोन्ही मिक्सर एकाच साइटवर शेजारी उभे असतात आणि त्यांच्या चालकांना दोन वेगळे परवाने लागतात.

शंकेखोर

नियमवाचक यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे. ज्या परिवहन वाहनाचे किंवा ओम्निबसचे एकूण वजन, अथवा ज्या मोटारकार, ट्रॅक्टर किंवा रोड रोलरचे रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा अधिक नाही, ते हलके वाहन होय. आता कलम २(२६) मधील ‘मोटारकार’ची व्याख्या पाहावी. परिवहन वाहन, ओम्निबस, रोड रोलर, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि अपंगांचे वाहन सोडून उरलेले प्रत्येक मोटार वाहन म्हणजे मोटारकार. बॅकहो हा बिगर-परिवहन आहे, हे आपणच वर दाखवले. तो ट्रॅक्टर नाही, रोलर नाही, मोटारसायकल तर नाहीच. मग कायद्याच्या शब्दांत तो मोटारकार ठरतो आणि रिकामे वजन साडेसात टनांच्या आत असेल तर हलके मोटार वाहनही ठरतो. कारण ऐकून हसू येईल, पण शब्द तसे आहेत.

याच्या जोडीला ६ नोव्हेंबर २०२४ चा बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी हा पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आहे. त्यात हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोच्या आतील परिवहन वाहनही वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते, असे म्हटले आहे. २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालातील भूमिकाच तेथे कायम झाली. माल वाहणारा टेंपो जर मोटारीच्या परवान्यावर चालतो, तर बिगर-परिवहन जेसीबीला का अडवावे?

नियमवाचक

आपला युक्तिवाद शब्दशः वाचला तर चुकीचा म्हणता येत नाही आणि न्यायालयात बचावासाठी तो उभा करता येईल, हे मान्य करतो. पण धागाकर्त्याने रोजच्या व्यवहारासाठी त्याच्यावर विसंबू नये, असे मला तीन कारणांनी वाटते.

पहिले कारण वजनाचे. प्रचलित बॅकहो लोडरचे वजन नेमके साडेसात टनांच्या काठावर घोटाळते. ब्रेकरची जोडणी, मोठी बकेट, बंद केबिन असा एखादा फरक पडला की आकडा पलीकडे जातो. त्यामुळे वितंडवाद घालण्यापूर्वी आरसीवर रिकामे वजन किती लिहिले आहे ते पाहावे. ७,५०० च्या वर एक किलो जरी असेल तरी आपला सारा युक्तिवाद तेथेच संपतो.

दुसरे कारण असे की रंभा देवी प्रकरणातील वाद हलक्या वाहनाचा परवाना आणि परिवहन वाहन यांच्यातील नात्याचा होता. खणण्या-उचलण्याच्या यंत्रांसाठी जो स्वतंत्र वर्ग परवान्यावर नोंदवला जातो, तो वर्ग अनावश्यक आहे असे त्या निकालाने म्हटलेले नाही. निकाल ज्या प्रश्नावर आहे त्या प्रश्नापुरता वाचावा.

तिसरे कारण व्यवहाराचे आहे. वर्ग जोडून घेण्यासाठी नवा परवाना काढावा लागत नाही. कलम ११ प्रमाणे असलेल्या परवान्यावर वाढीव वर्ग नोंदवता येतो. त्या वर्गाचा शिकाऊ परवाना काढायचा, तीस दिवस थांबायचे आणि शिकाऊ परवान्याच्या सहा महिन्यांच्या मुदतीत चाचणी द्यायची. ऑपरेटरने चाळिशी ओलांडली असेल तर नमुना १-अ मधील वैद्यकीय दाखला लागेल. एवढ्या श्रमात जे काम होते त्यासाठी व्याख्यांच्या कसरतीवर घरदार टांगणीला लावणे मला पटत नाही.

दावा तपासनीस

मी विम्याच्या दाव्यांच्या तपासणीत काम केले आहे. बोजा चढण्याची जी भीती धागाकर्त्याने बोलून दाखवली ती रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना चालवल्याबद्दल कलम १८१ खाली चालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती वाहन दिल्याबद्दल कलम १८० खाली मालकालाही तेवढीच शिक्षा आहे. मालक मंडळी हे ५,००० डोक्यात धरतात आणि निर्धास्त होतात, कारण जेसीबीच्या काही तासांच्या कमाईत ते निघून जातात. खरा फटका विम्याच्या बाजूने बसतो.

रस्त्यावर जेसीबीची धडक बसून एखादा दुचाकीस्वार दगावला, तर त्याचे वारस मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जातात. विमा कंपनी पहिला बचाव घेते तो चालकाकडे योग्य परवाना नसल्याचा. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरण सिंग या २००४ च्या निकालाने ठरवून दिले आहे की केवळ परवान्यात खोट आहे एवढे दाखवून कंपनीला सुटता येत नाही. मालकाने परवान्याबाबत वाजवी काळजी घेतली नाही हेही तिला सिद्ध करावे लागते आणि ती खोट अपघाताला कारणीभूत होती का, हेही पाहिले जाते. परंतु अनेक प्रकरणांत शेवट असा होतो की कंपनीने वारसांना पैसे आधी द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. वारसांना न्याय मिळतो आणि मालकाला नोटीस. ती रक्कम यंत्राच्या किमतीपेक्षा मोठी असू शकते. ज्या मालकाने कामावर ठेवताना परवान्याची प्रत घेतली, मुदत तपासली, वर्ग पाहिला, त्याची बाजू या टप्प्यावर भक्कम राहते. धागाकर्त्याची अडचण ही आहे की रस्त्यात अडवून समज दिल्यानंतर ‘मला ठाऊक नव्हते’ हे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट पॉलिसीत बारीक अक्षरांत असते. या यंत्रांच्या पॉलिसीला सहसा आयएमटी ४७ नावाची पुरवणी जोडलेली असते. यंत्र खणण्या-उचलण्याचे काम करत असताना उलटले तर त्याचे नुकसान ती मूळ संरक्षणातून वगळते आणि त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. विहिरीच्या काठावर किंवा भरावाच्या ढासळत्या कडेवर काम करणाऱ्यांनी हा हप्ता वाचवू नये.

माणदेशी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आरसी काढून पाहिली. रिकामे वजन ७,६४० किलो लिहिलेले आहे. म्हणजे शंकेखोर यांचा युक्तिवाद आमच्या कामाचा नाही, हे कळले.

एक उपप्रश्न आहे. आमच्याकडे रस्ता रुंदीकरणाचे पोटकाम येण्याची शक्यता आहे. तेथे रस्ता ‘कामासाठी बंद’ अशी पाटी लावलेली असते. ती जागा सार्वजनिक धरायची की बंदिस्त?

नियमवाचक

पाटीने जागा बंदिस्त होत नाही. एका बाजूने वाहतूक चालू असेल, गावकरी पायी ये-जा करत असतील, तर लोकांचा जाण्याचा हक्क शिल्लक आहे आणि ते सार्वजनिक ठिकाणच आहे. याच्या उलट टोकाचे उदाहरण हवे असेल तर विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातील पाठवणी-आवारासंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२५ चा निकाल पाहावा. तेथे आवाराला भिंत होती, ये-जा नियंत्रित होती, वाहने फक्त आतच वापरली जात होती, आणि म्हणून त्या काळाचा वाहनकर देय नाही असे ठरले. तो कराचा निकाल आहे, परवान्याचा नाही, पण ‘बंदिस्त’ म्हणजे किती बंदिस्त, याची कल्पना त्यावरून येते. रुंदीकरणाच्या कामावर भिंत आणि पहारेकरी कोठून आणणार?

वणीकर

मी वणी परिसरातील कोळसा खाणीत पर्यवेक्षक होतो. खाणीबद्दल लोकांचा समज असतो की आत परवाना लागत नाही म्हणजे कोणीही चढावे. वस्तुस्थिती उलटी आहे.

उघड्या खाणीत साठ आणि शंभर टनी डंपर, शॉव्हेल, डोझर ही यंत्रे सार्वजनिक रस्त्यावर कधीच येत नाहीत. तेथे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचा अंमल चालतो. ऑपरेटरला खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम, १९६६ प्रमाणे प्रशिक्षण घ्यावे लागते, ठरावीक काळाने उजळणी प्रशिक्षण असते, सुरुवातीची आणि नियतकालिक वैद्यकीय तपासणी असते आणि या सगळ्यानंतर खाण व्यवस्थापक त्याला विशिष्ट यंत्रासाठी लेखी प्राधिकारपत्र देतो. डोझरचे पत्र असलेला माणूस डंपरवर बसलेला आढळला तर ते उल्लंघन आहे. माझ्या पाळीत एकदा अशी अदलाबदल झाली होती. ऑपरेटर जेवायला गेला आणि दुसऱ्या यंत्रावरच्या सहकाऱ्याने ‘फक्त बाजूला घेतो’ म्हणून डंपर हलवला. काही बिघडले नाही, तरी मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि तो योग्यच होता असे आज वाटते. त्या उंचीवरून उजव्या बाजूचे कित्येक मीटर दिसतच नाहीत.

शिवाय भरतीच्या वेळी बहुतेक ठिकाणी आरटीओचा परवाना मागतातच. कायद्याने आत त्याची गरज नसली तरी मालकाला उमेदवाराची प्राथमिक पारख करण्याचे ते एक साधन वाटते.

मांडवीकाठ

गोव्यातील लोहखनिजाच्या धंद्यात ही सीमारेषा फाटकापाशीच दिसायची. खाणीच्या खड्ड्यात एक्सकॅव्हेटर चालवणारा व्यवस्थापकाच्या प्राधिकारपत्रावर काम करी आणि त्याने भरलेला टिपर फाटकाबाहेर पडून गावच्या रस्त्याने बार्जच्या धक्क्याकडे निघाला की त्याच्या ड्रायव्हरला परिवहन परवाना, बिल्ला, वाहनाचा फिटनेस सगळे लागे. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आमच्या गावातील खड्ड्यातले ऑपरेटर बाहेर बांधकामांवर काम शोधू लागले. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव हाती होता, पण प्राधिकारपत्र त्या खाणीपुरतेच होते आणि परवान्यावर यंत्राचा वर्ग नव्हता. अनेकांनी तेव्हा प्रथमच आरटीओची पायरी चढली. खाणीत सुखाने नोकरी करणाऱ्या तरुणांनी तरी हा वर्ग आधीच जोडून घ्यावा, असे माझे सांगणे आहे.

पाळी क्रमांक दोन

औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी भांडार सांभाळतो. आमच्याकडे तीन फोर्कलिफ्ट आहेत आणि चालकांना कंपनीतच प्रशिक्षण दिले आहे. परवाने नाहीत, कारण सर्व काम आवारात होते. फक्त तयार मालाचे गोदाम समोरच्या भूखंडावर असल्याने मधला रस्ता ओलांडावा लागतो. अंतर फार तर बारा मीटर असेल. एवढ्यासाठीही परवाना लागतो काय?

दावा तपासनीस

लागतो. वसाहतीचा रस्ता कोणत्याही एका कारखान्याचा नसतो. तेथून कामगारांच्या दुचाकी, डबेवाले, शाळेच्या गाड्या जातात. नियमातील व्याख्येत फोर्कलिफ्टचे नाव स्पष्टपणे आहे, त्यामुळे त्या बारा मीटरसाठी नोंदणी, विमा आणि फोर्कलिफ्टचा वर्ग असलेला परवाना, तिन्ही हवेत. ते नको असेल तर गोदामाकडे जाणारा माल टेंपोत भरून पाठवावा आणि दोन्ही आवारांत वेगळी फोर्कलिफ्ट ठेवावी. बहुतेक कारखाने शेवटी हाच मार्ग पत्करतात. आणि आवाराच्या आत परवान्याची अट नसली तरी कोणी दगावले तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ भिंतीपाशी थांबत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, जी जुन्या दंड संहितेत दोन वर्षांची होती.

लिव्हरवाला

क्रेनचे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. हायड्रा रस्त्यावर आणायची तर क्रेनचा वर्ग हवा, हे वरच्याप्रमाणेच. पण साइटवर त्याखेरीज बांधकाम कामगारांसाठीचे नियम लागू होतात. केंद्राचे १९९८ चे आणि महाराष्ट्राचे २००७ चे नियम आहेत. केंद्रीय नियमांत उचलयंत्र चालवणारा आणि त्याला खुणा करणारा, दोघांचेही वय अठरापेक्षा जास्त हवे, ते सक्षम व भरवशाचे हवेत, कामातील धोक्यांची त्यांना जाण हवी आणि त्यांची ठरल्याप्रमाणे वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असे आहे. खुणा करणारा हे वाचून बहुतेक ठेकेदार थबकतात, कारण त्या कामाला ते दिवसाच्या हजेरीवरचा कोणीही माणूस उभा करतात.

नियमवाचक

यात एक भर. कारखाने अधिनियम, खाण अधिनियम आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा अधिनियम हे आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात, त्यामुळे ‘जुना कायदा गेला, आता काही लागत नाही’ असे सांगणाऱ्या ठेकेदाराचे ऐकू नये.

टेम्सकाठचा सातारकर

मी इंग्लंडमध्ये बांधकाम व्यवस्थापनात आहे. येथील पद्धत तुलनेसाठी सांगतो. साइटच्या आत एक्सकॅव्हेटर चालवायला सरकारी परवाना येथेही नाही. १९९८ च्या कामाच्या उपकरणांसंबंधीच्या नियमांनी पुरेसे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तरीही कार्ड दाखवल्याशिवाय मोठे ठेकेदार कोणालाही फाटकातून आत घेत नाहीत. हे कार्ड कायद्याचे नाही, उद्योगाने स्वतः उभे केलेल्या योजनेचे आहे आणि ते यंत्राच्या प्रकारानुसार मिळते. प्रात्यक्षिक परीक्षेत खड्डा खणून, भरून, ट्रक लादून दाखवावा लागतो. रस्त्यासाठी मात्र वाहन परवान्यावर वेगळे वर्ग आहेत, उदाहरणार्थ रोड रोलरला जी आणि चेनच्या वाहनाला एच. माझा प्रश्न असा की भारतात आरटीओच्या चाचणीत खणण्याचे कौशल्य पाहतात का?

लिव्हरवाला

नाही. वळणे, मागे घेणे, थांबणे, खुणा, रस्त्याचे नियम, एवढेच. बकेट उचलायची वेळच येत नाही. आरटीओचा परवाना ऑपरेटरला रस्त्यावरून जाण्याची मुभा देतो, तो खणू शकतो की नाही हे सांगत नाही. खणण्याची पारख हवी असेल तर इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे प्रमाणपत्र आहे. जुन्या हातांना आधीच्या अनुभवाची मोजणी करूनही ते मिळते. पण तेही परवान्याची जागा घेत नाही. दोन्ही कागद लागतात आणि दोन्हींचे काम वेगळे आहे.

एक मात्र सांगतो. चाचणी रस्त्याची आहे म्हणून तिला कमी लेखू नये. माझ्या पाहण्यात जेसीबीचे जे अपघात झाले त्यांतले बरेचसे खणताना नव्हे, तर कामावरून कामावर जाताना झाले. जेसीबीला ब्रेकची दोन पेडल असतात, मागच्या दोन चाकांना एकेक, म्हणजे शेतात एका चाकावर यंत्र फिरवता यावे. रस्त्यावर निघताना ती दोन्ही खिट्टीने जोडायची असतात. ज्याने कायम मातीतच काम केले तो हे विसरतो, वेगात एकाच पेडलवर पाय देतो आणि यंत्र आडवे होते. मागचा बूम कुलूप घालून बांधणे, बाजूचे जॅक पुरते वर घेणे, पुढची बकेट दिव्यांना झाकणार नाही इतक्याच उंचीवर ठेवणे, हे सारे चौदा वर्षांच्या अनुभवी माणसालाही कोणीतरी एकदा नीट विचारायला हवे.

माणदेशी (धागाकर्ता)

आज ऑपरेटरशी बोलणे झाले. सुरुवातीला त्याला ते अपमानास्पद वाटले, कारण हाताखाली शिकवलेली चार मुले आज स्वतंत्र यंत्रे चालवतात. लिव्हरवाला यांचा पेडलचा परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा तो हसला आणि म्हणाला की आमच्या यंत्राची ती खिट्टी आम्ही घेतले तेव्हापासूनच तुटलेली आहे. ती उद्याच बसवून घेत आहोत. त्याचे वय ४३ असल्याने वैद्यकीय दाखल्याची तयारी केली आहे आणि लोडर-एक्सकॅव्हेटर वर्गाच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला आहे. तोवर गावाबाहेरची कामे बंद ठेवून आमच्या दोन्ही वस्त्यांवरच्या शेतातील कामे तो करील. यंत्र एका वस्तीवरून दुसरीकडे न्यायला मध्ये रस्ता नाही, आमचीच जमीन सलग आहे.

लिव्हरवाला

उत्तम. फक्त एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. चाचणी त्याच प्रकारच्या वाहनावर द्यावी लागते, म्हणजे जेसीबी चाचणीच्या मैदानावर न्यावा लागेल. शिकाऊ परवान्यावर तो रस्त्याने चालवायचा तर नियमाप्रमाणे पक्का परवाना असलेला माणूस वाहनात सोबत आणि वाहन थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. जेसीबीच्या केबिनमध्ये आसन एकच असते.

माणदेशी (धागाकर्ता)

हे खरोखर ध्यानात आले नव्हते. शेजारच्या गावात ज्याच्या परवान्यावर हा वर्ग आहे असा एक ऑपरेटर आहे. त्या दिवशी यंत्र मैदानापर्यंत तो चालवत नेईल, आमचा माणूस मागून मोटारसायकलवर येईल आणि परतीला, निकाल काहीही लागो, पुन्हा तोच चालवत आणेल. त्याला दिवसाची हजेरी आणि जेवण कबूल केले आहे.